कोड बरोबर, जागा चुकीची

वाचकांचे प्रश्न : पायथनमधलं इंडेंटेशन

पायथन या प्रोग्रामिंग भाषेबद्दल काय अडतं ते कळवा, असं गेल्या अंकात लिहिलं होतं. आलेल्या पत्रांत बहुतेकांचं रडगाणं एकच निघालं: ओळीच्या आधीची मोकळी जागा. म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे. शब्दांची यादी, डिक्शनरी, फाइल वाचणं वगैरे प्रश्न पुढच्या अंकात घेईन.

आधी एक खुलासा. आपल्या मासिकात सगळं देवनागरीत छापतात, त्यामुळे खालचे प्रोग्रामही देवनागरीतच आहेत. तुम्ही टाइप कराल तेव्हा फॉर, इन, इफ, एल्स, व्हाइल, डेफ, रिटर्न, ट्रू, फॉल्स, प्रिंट हे शब्द आणि आकडे इंग्रजीतच टाकायचे. 'एकूण', 'लिटर' अशी नावं मराठीत ठेवलीत तरी पायथन ३ ची हरकत नसते. ओळींच्या डावीकडची जागा मात्र छापली आहे तशीच घ्या, एका पायरीला चार स्पेस.

प्रश्न : मॅडम, मी दूध संकलन केंद्रावर हिशेब पाहतो. मुलाच्या पुस्तकावरून पायथन शिकायला घेतलंय. दिवसभरात किती लिटर आलं त्याची बेरीज करायचा प्रोग्राम लिहिला, तर लाल अक्षरांत 'एक्स्पेक्टेड ॲन इंडेंटेड ब्लॉक' असं आलं. मुलाने खालच्या ओळी आत सरकवल्या, लाल गेलं. पण १२, ९ आणि १५ लिटरची बेरीज १५ येते! यंत्राला बेरीज येत नाही का? – एक वाचक, सांगोला

उत्तर : यंत्राला बेरीज येते, तुमच्या चिरंजीवांनी एक ओळ जास्त आत सरकवली. तुम्ही पाठवलेला प्रोग्राम असा आहे ('संकलन' ही तुमची १२, ९, १५ ची यादी):

फॉर लिटर इन संकलन:
    एकूण = ०
    एकूण = एकूण + लिटर
प्रिंट(एकूण)

ज्या ओळीच्या शेवटी अपूर्णविराम (:) आहे तिच्या खाली निदान एक तरी ओळ आत सरकलेली हवी, एवढंच त्या लाल संदेशाचं म्हणणं होतं. अशा आत सरकलेल्या ओळींच्या गटाला ब्लॉक म्हणतात. पायथन ३.१० पासून तर तो 'अमुक ओळीवरच्या फॉर नंतर' असं ओळीचा नंबर देऊन सांगतो. ती चूक मुलाने दुरुस्त केली, पण 'एकूण = ०' हीसुद्धा आत गेली. आता प्रत्येक गवळी आला की एकूण पुन्हा शून्य होतं आणि त्याचंच दूध त्यात पडतं. शेवटचा १५ लिटरवाला, म्हणून उत्तर १५. ती ओळ फॉरच्या वर, डाव्या कडेला न्या:

एकूण = ०
फॉर लिटर इन संकलन:
    एकूण = एकूण + लिटर
प्रिंट(एकूण)

आता ३६ येईल. प्रिंटची ओळ आत ढकलून पाहा, १२, २१, ३६ असे तीन आकडे एकाखाली एक येतील. ती चूकच असेल असं नाही. चालती बेरीज हवी असेल तर तेच बरोबर. पायथनला तुमच्या मनातलं कळत नाही, ओळ कुठे सुरू होते तेवढंच कळतं.

लाल अक्षरं दिसली की लोक घाबरतात. मी म्हणते, आली तर बरंच आहे. ती चूक निदान ओळीचा नंबर सांगून येते. तुमच्या बेरजेसारखी चूक गुपचूप चुकीचं उत्तर देते आणि ते खरं मानून आपण पुढे हिशेब करत बसतो. इंडेंटेशनच्या चुकांत हीच जात वाईट. म्हणून नवा प्रोग्राम आधी ज्याचं उत्तर तोंडी काढता येतं अशा दोन-तीन आकड्यांवर चालवा. तुम्ही नेमकं तेच केलंत, म्हणून तर सापडली.

प्रश्न : मॅडम, मी अकरावीत आहे (सीबीएसई, कॉम्प्युटर सायन्स). वर्गातले सगळे पास आहेत का हे सांगणारं फंक्शन लिहायचं होतं. माझं फंक्शन कधी बरोबर चालतं, कधी नाही. एरर काहीच येत नाही. माझ्या मैत्रिणीने एल्स वापरून लिहिलं, तिचं प्रत्येक वेळी बरोबर येतं. तिचं पाहून मीही एल्स घातलं, तरी माझं चुकतंच. दोघींचे शब्द अगदी तेच आहेत. – एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : या महिन्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तुझा, म्हणून जरा सविस्तर सांगते. तुझं पहिलं फंक्शन:

डेफ सगळे_पास(गुण):
    फॉर ग इन गुण:
        इफ ग < ३५:
            रिटर्न फॉल्स
        रिटर्न ट्रू

याला ७८, २२, ९१ अशी यादी दे आणि स्वतः पायथन होऊन चाल. पहिले गुण ७८. ३५ पेक्षा कमी? नाही. इफच्या पोटातली ओळ सोडली. पुढची ओळ रिटर्न ट्रू, आणि ती फॉरच्या पोटात आहे. रिटर्न आलं की फंक्शन तिथेच संपतं. २२ वाल्या मुलाकडे कुणी पाहिलंच नाही आणि वर्ग पास झाला! यादी २२ ने सुरू झाली तर मात्र पहिल्याच फेरीत फॉल्स मिळतं आणि सगळं ठीक वाटतं. 'कधी बरोबर, कधी नाही' याचं कारण हे. तुझं फंक्शन फक्त पहिल्या मुलाचा निकाल सांगतं.

शेवटची ओळ एक पायरी बाहेर काढ, म्हणजे ती फॉरच्या रेषेत येईल:

डेफ सगळे_पास(गुण):
    फॉर ग इन गुण:
        इफ ग < ३५:
            रिटर्न फॉल्स
    रिटर्न ट्रू

आता सगळी यादी संपली, कुणीही नापास सापडलं नाही, तेव्हाच ट्रू.

राहिली मैत्रीण. तिने एल्स फॉरच्या रेषेत लिहिलं आहे, तू इफच्या रेषेत. शब्द तेच, अर्थ वेगळा. इफच्या रेषेतलं एल्स इफचं: 'हा मुलगा नापास नसेल तर लगेच ट्रू', म्हणजे तुझी जुनीच चूक नव्या कपड्यांत. फॉरच्या रेषेतलं एल्स फॉरचं. हो, पायथनमध्ये फॉरलाही एल्स असतं. लूप, म्हणजे फॉरचं फिरणं, मध्येच 'ब्रेक' या शब्दाने न तुटता यादीच्या शेवटापर्यंत पोचला तरच ते चालतं. मैत्रिणीचं फंक्शन नापास दिसताच रिटर्नने बाहेर पडतं, त्यामुळे तिचं एल्स फक्त सगळे पास असतानाच गाठलं जातं. तिला विचार, मुद्दाम केलं की हात चुकून बाहेर गेला! माझ्या मते या फंक्शनला एल्स नकोच. जिथे ब्रेक नाही तिथे फॉरचं एल्स वाचणाऱ्याला उगीच बुचकळ्यात टाकतं.

माझ्या वर्गात मी प्रोग्रामची छापील प्रत देते आणि पट्टी घ्यायला लावते. अपूर्णविराम असलेल्या प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर धरायचं आणि तिथून पट्टी सरळ खाली उभी लावायची. खाली येताना पट्टीवर किंवा पट्टीच्या डावीकडे सुरू होणारी पहिली ओळ लागली, की वरचीचा संसार संपला. मधलं सगळं तिचं. प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायची, 'ही कुणाची?' असं विचारत. रिटर्न ट्रू वाचताना 'फॉरची' असं तोंडातून निघालं की मुलं स्वतःच थबकतात. व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये बारीक उभ्या रेषा दिसतात त्या हेच काम करतात, पण कागदावरची पट्टी पुन्हा विसरली जात नाही, असा माझा अनुभव आहे.

आणि तपासताना चार याद्या दे: नापास पहिला, नापास मधला, नापास शेवटचा आणि रिकामी यादी. तुझं जुनं फंक्शन यातल्या एकाच यादीवर खरं उतरतं. रिकाम्या यादीवर ते ना ट्रू देतं ना फॉल्स, नन (म्हणजे 'काहीच नाही') देतं, कारण लूप चालतच नाही आणि रिटर्न लूपच्या आत अडकलेला. दुरुस्त फंक्शन रिकाम्या यादीला ट्रू म्हणेल. 'वर्गात कुणीच नाही तर सगळे पास कसे?' असं बाईंनी विचारलं तर सांग, पायथनचं स्वतःचं ऑल हे फंक्शनही रिकाम्या यादीला ट्रूच म्हणतं.

प्रश्न : सातचा पाढा छापायचा प्रोग्राम लिहिला, तर पडद्यावर ७, ७, ७ असं धावतच सुटलं. संगणक बंद करावा लागला. – एक पालक, चिपळूण

उत्तर : संगणक बंद करू नका, कंट्रोल धरून सी दाबा, प्रोग्राम थांबतो. तुमची 'न = न + १' ही ओळ व्हाइलच्या बाहेर, डाव्या कडेला आहे. त्यामुळे न कायम १ च राहतो, १ दहापेक्षा लहान तो लहानच, म्हणून व्हाइल फिरतच राहतं आणि ती ओळ यायची पाळीच येत नाही. चार स्पेस देऊन ती प्रिंटच्या रेषेत आणा.

प्रश्न : फंक्शन नंतर लिहीन म्हणून फक्त नाव टाकलं आणि खाली हॅशची खूण करून 'इथे व्याजाचा हिशेब' अशी नोंद ठेवली, व्यवस्थित आत सरकवून. तरी 'इंडेंटेड ब्लॉक' हवा म्हणून तक्रार. आत ओळ आहे की! – एक वाचक, अकोला

उत्तर : हॅशची ओळ पायथनच्या लेखी नाहीच. ती कुठेही सुरू करा, तो मोजत नाही, आणि म्हणून ती ब्लॉकही भरून काढत नाही. नोंदीखाली 'पास' एवढा एक शब्द आत सरकवून लिहा. परीक्षेतला पास नव्हे, 'इथे काही करायचं नाही, पुढे चल' हा पास.

प्रश्न : मॅडम, शाळेच्या लॅबमध्ये आयडल या पायथनसोबतच्या एडिटरवर प्रोग्राम लिहिला, छान चालला. घरी नोटपॅडमध्ये दोन ओळी वाढवल्या. आता 'टॅबएरर : इनकन्सिस्टंट यूज ऑफ टॅब्ज अँड स्पेसेस' येतं. ओळी अगदी सरळ रेषेत आहेत, फोटो पाठवतोय. – एक विद्यार्थी, ओरोस

उत्तर : फोटोत सगळं सरळच दिसणार, कारण हा रोग डोळ्यांना दिसत नाही. टॅब हे एकच अक्षर असतं, ते पडद्यावर किती रुंद दाखवायचं ते एडिटर ठरवतो. तू लॅबमध्ये टॅबची कळ दाबलीस तेव्हा आयडलने गुपचूप चार स्पेस टाकल्या. घरी नोटपॅडने तीच कळ दाबल्यावर खरं टॅबचं अक्षर टाकलं. एकाच ब्लॉकमध्ये काही ओळी स्पेसने आणि काही टॅबने सरकल्या.

पायथन २ च्या काळात टॅब म्हणजे पुढच्या आठाच्या पटीपर्यंत जागा असं धरून निभावून न्यायचे. त्यात गंमत अशी की चार रुंदीचा टॅब दाखवणाऱ्या एडिटरमध्ये माणसाला एक रचना दिसे आणि पायथनला दुसरीच. एररही नाही! पायथन ३ ने तो धंदा बंद केला. टॅबची रुंदी कितीही मानली तरी अर्थ तोच राहत असेल तर चालेल, नाहीतर टॅबएरर. तुला तो संदेश जाच वाटतोय, मला तो पायथन ३ मधल्या चांगल्या सुधारणांपैकी एक वाटतो.

आता उपाय. फाइल आयडलमध्ये उघड, कंट्रोल-ए करून सगळं निवड, फॉरमॅट मेनूत 'अनटॅबिफाय रीजन' आहे ते चालव. एका टॅबला किती कॉलम असं विचारेल, तिथे ४ टाक. मग पट्टी लावून एकदा वाच, कारण एखादी ओळ आधीपासूनच चुकीच्या पायरीवर असेल तर रूपांतर ती चूक दुरुस्त करत नाही. व्हीएस कोड असेल तर कमांड पॅलेटमध्ये 'कन्व्हर्ट इंडेंटेशन टू स्पेसेस' शोध. तिथेच 'रेंडर व्हाइटस्पेस' चालू केलंस तर स्पेस ठिपक्यासारखी आणि टॅब बाणासारखा दिसतो. दोन मिनिटं ते पाहिलंस की इतकं समजावून सांगायची गरजच उरणार नाही.

टॅब की स्पेस यावर मोठी माणसं हमरीतुमरीवर येतात. पायथनच्या लेखनशैलीचा दस्तऐवज, ज्याला पेप ८ म्हणतात आणि जो २००१ पासून आहे, तो चार स्पेस म्हणतो. तेच धर आणि वादात पडू नकोस. फक्त नोटपॅड सोड. थॉनी नावाचा फुकट एडिटर आहे, एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात शिकणाऱ्यांसाठीच तयार झालेला. त्यात प्रोग्राम एकेक ओळ करत चालताना दिसतो.

आणि पुढच्या वेळी फोटो नको, फाइल पाठव.

प्रश्न : 'अनइंडेंट डझ नॉट मॅच एनी आउटर इंडेंटेशन लेव्हल' म्हणजे काय? इतकं लांब वाक्य वाचूनच धीर सुटतो. – एक गृहिणी, सातारा

उत्तर : तुम्हाला पायथन आतून कसं मोजतो ते सांगते, म्हणजे हे वाक्य कायमचं सुटेल. आजीच्या घरी उतरंड पाहिली असेल, मडक्यावर मडकं. पायथन तशीच एक उतरंड रचतो, मडक्यांऐवजी आकड्यांची. तळाला शून्य. ओळ चार स्पेस आत गेली की शून्यावर ४ ठेवतो, आणखी आत गेली की त्यावर ८. ओळ बाहेर आली की वरचे आकडे एकेक करून काढतो, नव्या ओळीच्या जागेइतका आकडा मिळेपर्यंत. तुमची ओळ सहा स्पेसवर आली. पायथनने ८ काढला, खाली ४ दिसला. सहा कुठेच नाही. मग तो हात टेकतो आणि ते लांबलचक वाक्य म्हणतो. बाहेर पडलात, पण कोणत्या दारातून ते कळेना.

आता कळेल की पायथनला चारच स्पेस हव्यात असं नाही. आत जाताना तीन द्या, पाच द्या, त्याला चालतं. बाहेर येताना मात्र आधी उभ्या असलेल्या एखाद्या ओळीच्या नेमकं रेषेत यावं लागतं. तेव्हा संदेशात दिलेल्या ओळीवर जा, तिच्या आधीची सगळी जागा पुसा आणि ती वरच्या कोणत्या ओळीची भावंडं आहे ते ठरवून मग स्पेस द्या. एकेक स्पेस वाढवत अंदाजाने जुळवू नका. तसं केलं की संदेश जातो खरा, पण ओळ भलत्याच घरात जाऊन बसते.

प्रश्न : मी वीस वर्षं जावात काम केलं. मुलीला शिकवण्यासाठी पायथन हातात घेतलं आणि डोकं फिरलं. न दिसणाऱ्या जागेवर भाषेचं व्याकरण उभं करणं हा काय शहाणपणा? महिरपी कंस होते ते काय वाईट होते? – एक वाचक, पुणे

उत्तर : तुमचा राग कळतो. मीही पोरांना आधी सी ही भाषा शिकवली. पण तुम्ही जावात महिरपी कंस लावायचात आणि शिवाय ओळी आतही सरकवायचात, बरोबर? कंस कंपायलरसाठी (कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम), जागा माणसांसाठी. एकच गोष्ट दोनदा लिहायची आणि त्या दोन्ही कधी एकमेकींना खोटं पाडणार नाहीत अशी आशा धरायची.

ती आशा फोल ठरल्याचं जगजाहीर उदाहरण ॲपलचं आहे. २०१४ च्या फेब्रुवारीत त्यांना आयफोनसाठी घाईने आयओएस ७.०.६ काढावं लागलं. सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या सी कोडमध्ये एका इफखाली 'गोटू फेल' (म्हणजे 'फेल नावाच्या जागी उडी मार') ही ओळ लागोपाठ दोनदा पडली होती. कंस नव्हते. दोन्ही ओळी सारख्याच आत सरकलेल्या, त्यामुळे वाचणाऱ्याला दोन्ही इफच्या वाटत. सीच्या नियमाने फक्त पहिली इफची. दुसरी दर वेळी चालायची आणि पुढची सही पडताळणी वगळली जायची. म्हणजे समोरचा संगणक खरा की तोतया हे नीट तपासलंच जात नव्हतं. पायथनमध्ये ही विशिष्ट चूक होऊच शकत नाही, कारण डोळ्याला दिसतं तेच यंत्र वाचतं. २०१६ साली आलेल्या जीसीसी ६ या सी कंपायलरने तर 'इंडेंटेशन फसवं आहे' अशी सूचना द्यायला सुरुवात केली. तुमच्या कंसवाल्यांनाही शेवटी मोकळ्या जागेची दखल घ्यावीच लागली!

आणि ही कल्पना पायथनची नव्हेच. संगणकशास्त्रज्ञ पीटर लँडिन यांनी १९६६ मध्येच ती मांडली होती. गिडो व्हान रॉसम ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेत एबीसी नावाच्या शिकाऊंसाठीच्या भाषेवर काम करत होते, तिच्यात इंडेंटेशनच चालायचं. १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत त्यांनी पायथन लिहायला घेतलं, १९९१ च्या फेब्रुवारीत ते बाहेर आलं आणि एबीसीची ती सवय त्यात राहिली. इफच्या ओळीशेवटचा अपूर्णविरामही एबीसीच्याच अनुभवातून आला. जागेकडे पाहूनच पायथनला कळलं असतं, पण अपूर्णविरामाने माणसाला वाचायला सोपं जातं.

कंस परत मिळतील या आशेवर असाल तर एक गंमत करा. पायथनमध्ये पुढच्या आवृत्तीतल्या सोयी आधीच मागवता येतात, 'फ्रॉम फ्यूचर इम्पोर्ट' असं म्हणून (फ्यूचरच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर). तिथे 'ब्रेसेस' मागून पाहा. उत्तर येतं, 'नॉट अ चान्स'.

तुमच्या तक्रारीतला एक भाग मला मान्य आहे. कोड इकडून तिकडे नेताना कंस टिकतात, जागा टिकेलच असं नाही. पीडीएफमधून किंवा चॅटवरून उचललेला प्रोग्राम डाव्या कडेला सपाट होऊन येतो आणि कोणती ओळ कुणाची हे परत कुणीच सांगू शकत नाही. त्यामुळे मुलीला छोटे प्रोग्राम हाताने टाइप करू द्या.

प्रश्न : फाइलमध्ये चालणारं फंक्शन टर्मिनलच्या पायथनमध्ये चिकटवलं की अर्ध्यातच 'अनएक्स्पेक्टेड इंडेंट' येतं. – एक विद्यार्थी, जळगाव

उत्तर : फंक्शनच्या मध्ये तू एक ओळ मोकळी सोडली आहेस. फाइलमध्ये मोकळी ओळ मोजली जात नाही, पण त्या तीन बाणांच्या खिडकीत मोकळी ओळ म्हणजे 'माझा ब्लॉक संपला'. मग पुढची आत सरकलेली ओळ त्याला पोरकी वाटते. मधल्या मोकळ्या ओळी काढ, किंवा पायथन ३.१३ असेल तर एफ३ दाबून पेस्ट मोडमध्ये चिकटव. खरं तर दोन ओळींहून मोठं काहीही फाइलमध्येच लिहावं.

प्रश्न : मॅडम, मी गावागावांचा पाऊस नोंदवतो. नावं मराठीत ठेवली आहेत. 'सांगली_पाऊस', 'वाई_पाऊस' चालतं, पण 'कऱ्हाड_पाऊस' लिहिलं की 'इनव्हॅलिड नॉन-प्रिंटेबल कॅरॅक्टर' येतं. तसाच संदेश एका वेबपानावरून उचललेल्या प्रोग्राममध्येही आला, तिथे तर मराठी अक्षरच नव्हतं. आणि आकडे मराठीत लिहिले तर चालतील का? – एक शिक्षक, कऱ्हाड

उत्तर : दोन्हीकडे न दिसणारं अक्षर शिरलं आहे. वेबपानावर ओळ आत सरकवायला कधीकधी साधी स्पेस नसून 'नॉन-ब्रेकिंग स्पेस' असते. दिसायला तीच, पण संगणकासाठी वेगळं अक्षर. संदेशात यू अधिक आणि पुढे ००ए० असं असेल तर तीच. ओळीच्या सुरुवातीची जागा पुसून स्पेसबारने परत द्या. सगळीकडे असेल तर त्यातली एक जागा कॉपी करून 'फाइंड अँड रिप्लेस'ने साध्या स्पेसने बदला.

कऱ्हाडची गोष्ट आपल्या लिपीची आहे. 'ऱ्ह' मधला तो अर्धा र दोन रीतींनी साठवला जातो. एका रीतीत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त आणि त्यामागे 'झीरो विड्थ जॉइनर' नावाचं अदृश्य अक्षर, ज्याचा नंबर २००डी. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. पायथन नावांमध्ये ते अदृश्य अक्षर चालू देत नाही, 'ऱ' मात्र चालू देतो. तेव्हा कीबोर्डवरची खालच्या टिंबाची 'ऱ' ही कळ शोधा, ती, मग हलन्त, मग ह. गावाचं नाव बदलायची वेळ येणार नाही.

आकड्यांचंही विचारलं आहेत. प्रोग्रामच्या मजकुरात १२ असं देवनागरीत लिहिलंत तर चूक येईल. पण इनपुटने घेतलेले आणि इंटने संख्येत बदललेले आकडे देवनागरी असले तरी पायथन बिनतक्रार वाचतो, म्हणजे मुलांनी पावसाचे मिलिमीटर मराठी आकड्यांत भरले तरी तुमची बेरीज बरोबर येईल.